एका सरोवराकाठची तीन बिऱ्हाडे

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या माणसाला परक्या गावी कसे राहावे हे कोणी शिकवीत नाही. मुलांची शाळा, नळाला पाणी येण्याची वेळ आणि मंडईतले भाव एवढे कळले, की गाव कळले अशी त्याची समजूत होते. ही समजूत किती तोकडी आहे, हे दूरच्या एका देशाविषयीची तीन इंग्रजी पुस्तके लागोपाठ वाचताना मला जाणवले. तिन्ही पुस्तकांचा संबंध मेक्सिकोतल्या चापाला सरोवराच्या काठाशी आहे आणि तिन्ही तेथे बिऱ्हाड केलेल्या परदेशीयांनी लिहिली आहेत.

चापाला हे मेक्सिकोतील सर्वांत मोठे सरोवर. लेर्मा नदी त्यात येऊन मिळते आणि ग्वादालाहारा हे मोठे शहर त्याचेच पाणी पिते. हवा बाराही महिने सौम्य. विसाव्या शतकाच्या आरंभी राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दिआस येथे सुटीला येऊ लागले आणि त्यांच्यामागोमाग धनिकांच्या हवेल्या काठावर उभ्या राहिल्या. 1910 साली क्रांती झाली आणि ते वैभव ओसरले. पुढे परदेशी लेखक व चित्रकार आले, त्यांच्यामागून निवृत्तिवेतनावर जगणारे अमेरिकन व कॅनेडियन आले आणि आहिहिक ह्या कोळ्यांच्या खेड्याचे रूप पालटले.

पहिले बिऱ्हाड डी. एच. लॉरेन्स ह्यांचे. 1923 च्या उन्हाळ्यात त्यांनी चापाला गावी भाड्याने घर घेतले आणि तेथे एका कादंबरीचा पहिला खर्डा लिहिला. ती कादंबरी ‘द प्लूम्ड सर्पंट’ ह्या नावाने 1926 साली प्रसिद्ध झाली. तीत सरोवराचे नाव सायुला असे आहे. पहाटेचे पाणी, होड्या, अंगणातल्या मोलकरणीचा संसार ह्यांची वर्णने वाचताना लेखकाच्या सामर्थ्यापुढे मान तुकवावीच लागते. परंतु त्यांच्या नायकाला प्राचीन देवांचे पुनरुज्जीवन करावयाचे आहे आणि त्यासाठी चर्चमधील मूर्ती होडीत घालून बेटावर नेऊन जाळल्या जातात. येथे लेखकाची गल्लत होते. काठावरच्या माणसांना तो हजारो वर्षांची पुराणकथा देऊ करतो, परंतु शंभर वर्षांपूर्वीचा त्यांचा खरा इतिहास त्याच्या रचनेबाहेरच राहतो.

तो इतिहास सामान्य नव्हे. ह्याच सरोवरात मेस्काला नावाचे बेट आहे. स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या काठावरच्या आदिवासींनी 1812 च्या अखेरीस ते ताब्यात घेतले आणि होसे सांताना व धर्मगुरू मार्कोस कास्तेयानोस ह्यांच्या नेतृत्वाखाली 1816 पर्यंत लढविले. शेवटी उपासमार आणि रोगराई ह्यांनी दोन्ही हात टेकविले, तरीही ते शरण गेले ते अटी घालून, मानाने. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी असे बेट राखले, त्यांना जागे करण्यासाठी सर्पदेवतेला पाचारण करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

दुसरे पुस्तक ‘व्हिलेज इन द सन’. ते 1945 साली डेन चँडॉस ह्या नावाने निघाले. ह्या टोपणनावामागे पीटर लिली व नायजेल मिलेट असे दोघे इंग्रज होते. खेड्यात घर बांधणे, नोकरचाकर मिळविणे, त्यांची भांडणे आणि सणवार हा त्याचा विषय. देवदेवतांचा बडिवार येथे नाही. माणसे हाडामांसाची आहेत, विनोद प्रसन्न आहे, आणि लेखकाला आपल्या शेजाऱ्यांविषयी माया आहे हे उघड आहे. उणीव एवढीच, की ह्या माणसांचा दिवस मालकाच्या न्याहारीपासून सुरू होतो आणि त्याच्या रात्रीच्या जेवणाबरोबर संपतो. मालक झोपल्यावर ती काय बोलत असतील हे आपल्याला कधीच ऐकू येत नाही.

तिसरे पुस्तक सिबिल बेडफर्ड ह्यांचे. 1953 साली ते ‘द सडन व्ह्यू’ ह्या नावाने आले आणि 1960 साली ‘अ व्हिजिट टू डॉन ओताव्हिओ’ ह्या नव्या नावाने. नाव बदलल्याने पुस्तक सुधारत नाही हे खरे, पण येथे नव्या नावाने पुस्तकाचे मर्म उघड केले. डॉन ओताव्हिओ हा क्रांतीत इस्टेट गमावलेल्या घराण्यातला. सरोवराकाठच्या वाड्यात तो जुन्या इतमामाने राहतो, पाहुण्यांचे अगत्य करतो आणि त्याचे भाऊ त्याच वाड्याचे हॉटेल करण्याचे बेत आखतात. लेखिका ह्या ऱ्हासाकडे हसून पाहते, पण त्याची टिंगल करीत नाही. आपण पाहुणी आहोत, उद्या निघून जाणार आहोत, हे तिला शेवटपर्यंत विसरता येत नाही, आणि माझ्या मते ह्याच जाणिवेमुळे तिचे पुस्तक तिघांत सरस ठरले आहे. तथापि तिलाही मर्यादा आहे. सम्राट माक्सिमिलियानच्या शोकांतिकेला तिने पाने दिली, वाड्यातल्या चाकरांना मात्र भूतकाळ दिला नाही.

पाहुण्याकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. नील जेम्स ह्या अमेरिकन लेखिकेचे उदाहरण पाहा. 1943 च्या सुमारास त्या आहिहिकला आल्या आणि 1994 साली वारल्या, तोवर तेथेच राहिल्या. 1946 चे त्यांचे पुस्तक वाङ्मय म्हणून ह्या तिघांच्या पंक्तीला बसणार नाही. पण त्यांनी गावातल्या मुलांसाठी वाचनालय उघडले, त्यांच्या हाती रंग आणि कागद दिला. त्या मुलांतून पुढे चित्रकार झाले. ज्या गावाचे चित्र आजवर परकेच काढीत होते, ते गाव आता आपले चित्र आपण काढू लागले. टीकाकाराने पुस्तकाला गुण द्यावेत हे खरे, परंतु पुस्तकात न मावलेली ही गोष्टही त्याने नोंदवावी.

ह्या तिन्ही पुस्तकांचे माप मी एकाच प्रश्नाने घेतले: परक्याने लिहिलेल्या माणसांना त्यांचा स्वतःचा ‘काल’ आहे की नाही? हा प्रश्न अखेर माझ्यावरच उलटला. सात वर्षे मी ह्या शहरात आहे. वसाहतीमागे एक जुना तलाव आहे, संध्याकाळी आम्ही मराठी मंडळी त्याच्या काठी बसून गावाकडच्या गोष्टी बोलतो. तो कोणी खोदला हे मी आमच्या माळ्याला प्रथमच विचारले ते गेल्या महिन्यात. त्याला ते ठाऊक होते. त्याच्या पणजोबाने त्यावर माती वाहिली होती. सांगून झाल्यावर तो म्हणाला, “बाबूजी, हे आजवर कोणी विचारलेच नाही.”