छातीच्या सीटी तपासणीची दरमर्यादा : एक चिकित्सा

एखाद्या वैद्यकीय तपासणीचा दर शासनाने बांधून दिला म्हणजे तिचा वापरही आपोआप विवेकाने होऊ लागतो, अशी एक समजूत रूढ आहे. तिची पारख करण्यास महाराष्ट्र शासनाचा २४ सप्टेंबर २०२० चा निर्णय उपयुक्त ठरतो. कोविडच्या साथीत छातीच्या एचआरसीटी तपासणीसाठी अवाच्या सवा आकारणी होत असल्याच्या तक्रारी आल्यावर शासनाने कमाल दर ठरविले. १६ स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या यंत्रास २,००० रुपये, १६ ते ६४ स्लाइसच्या यंत्रास २,५०० रुपये आणि त्याहून मोठ्या यंत्रास ३,००० रुपये, असा हा क्रम होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीची अटही त्यास जोडलेली होती.

या निर्णयाचे श्रेय नाकारता येणार नाही. वसई-विरारचेच उदाहरण घ्यावे. २०११ च्या जनगणनेनुसार बारा लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर रोजगारासाठी आणि मोठ्या उपचारांसाठी मुंबईवर विसंबून असते. निर्णयाच्या वेळी लोकलगाडी अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरतीच चालू होती. अशा स्थितीत सामान्य रुग्णास जवळच्या केंद्राने सांगितलेला दर देण्यावाचून गत्यंतर नव्हते. ग्राहकास निवडीची वाटच उरली नसता दरनियंत्रण न्याय्य ठरते.

तथापि दर ठरले ते यंत्राच्या क्षमतेवरून, रुग्णाच्या गरजेवरून नव्हे. सीटी यंत्राचा मुख्य खर्च खरेदीचा व देखभालीचा असतो. एक तपासणी वाढल्याने खर्चात पडणारी भर अल्प असते. म्हणून दर उतरला तरी संख्या वाढवून उत्पन्न राखण्याचा मोह शिल्लकच राहतो. चिठ्ठीच्या अटीने गरजेचा निर्णय डॉक्टरांकडे सोपविला. परंतु चिठ्ठीमागे दलाली असेल, तर ही अट निष्प्रभ ठरते. या ‘कट’ प्रथेविरुद्ध २०१७ मध्ये राज्यात विधेयकाचा मसुदा तयार झाला, पण त्याचा कायदा झाला नाही.

अर्थात् वापरातील सर्व वाढ स्वस्ताईच्या माथी मारणेही अशास्त्रीय होय. आरटी-पीसीआरचा अहवाल लांबला की सीटीचे उत्तर तत्काळ मिळे. पंचवीसपैकी किती ‘स्कोअर’, यावर कुटुंबाचा धीर टिके वा खचे. ३ मे २०२१ रोजी एम्सचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी न करण्याचा इशारा दिला. त्यांनी सांगितलेल्या किरणोत्सर्गाच्या प्रमाणावर क्ष-किरणतज्ज्ञांनी आक्षेप घेतला. दर, भीती आणि साथीचा चढउतार यांचे परिणाम वेगळे केल्याखेरीज दरमर्यादेच्या फलिताविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

ते वेगळे करावयाचे तर प्रत्येक तपासणीच्या कारणाची नोंद हवी. ही कल्पना नवी नाही. गर्भलिंगनिदानास आळा घालणाऱ्या १९९४ च्या केंद्रीय कायद्याखाली गर्भवतीच्या सोनोग्राफीचे कारण ‘एफ’ नमुन्यात लिहावेच लागते. तेथे हेतू निराळा असला, तरी कारण नोंदविणे व्यवहार्य आहे एवढे त्यावरून सिद्ध होते. शिवाय त्याच पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या रुग्णास यंत्रापर्यंत पोहोचण्याचा खर्च व बुडालेली मजुरी हाही तपासणीच्या किमतीचाच भाग असतो. त्यास कोणतीही कमाल मर्यादा नाही. दरपत्रक हा सुधारणेचा आरंभ होय. गरजेची नोंद व यंत्राची उपलब्धता यांवाचून तो आरंभच राहील.