चौकटी भरल्या, पण सिद्ध कोणी केलं?

आज आपण शाळेतल्या बीजगणिताबद्दल आणि सिद्धतेबद्दल बोलणार आहोत. त्यासाठी दहावीची गणिताची दोन पुस्तकं आणि त्यांचे पेपर जरा टीकेच्या नजरेने बघू. छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाखाली आपला जिल्हा, जालना, परभणी, बीड आणि हिंगोली असे पाच जिल्हे येतात. तिथली सगळी मराठी माध्यमाची मुलं या दोन पेपरांतून जातात. म्हणून हा प्रश्न फक्त गणिताच्या शिक्षकांचा नाही.

सुरुवातीला पुस्तकांच्या बाजूने बोलायला हवं. बालभारतीचं दहावीचं भूमितीचं पुस्तक, म्हणजे २०१८ साली आलेलं गणित भाग दोन, सिद्धता टाळत नाही. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशी नीट मांडणी त्यात आहे. कारणं कंसात दिली आहेत. भाग एकमध्ये वर्गसमीकरणाचं सूत्र नुसतं चौकटीत छापलेलं नाही, ते काढून दाखवलं आहे. तेव्हा पुस्तकात काहीच नाही, अशी सरसकट ओरड आपण करणार नाही.

अडचण पुढे येते, पेपरात. दोन्ही पेपर ४० गुणांचे. गेल्या काही वर्षांच्या आराखड्यात त्यांतले ७ गुण 'कृती'ला आहेत. कृती म्हणजे काय, तर सोडवलेलं उदाहरण किंवा सिद्धता छापायची, मधे मधे रिकाम्या चौकटी ठेवायच्या आणि मुलांनी त्या भरायच्या. हेतू चांगला आहे. कोरा पेपर देऊन उठणाऱ्या मुलाला काहीतरी धरायला मिळावं, हा विचार चुकीचा नाही. पण भूमितीत ही चौकट नक्की काय विचारते, हे एकदा बघू या.

कोनदुभाजकाचं प्रमेय घ्या. त्रिकोणाच्या कोनाचा दुभाजक समोरच्या बाजूला उरलेल्या दोन बाजूंच्या गुणोत्तरात विभागतो. या सिद्धतेत खरी युक्ती एकच आहे. दुसऱ्या शिरोबिंदूतून दुभाजकाला समांतर रेषा काढायची आणि एक बाजू वाढवून तिला मिळवायची. ती रेषा सुचली की बाकीचं आपोआप येतं. कृतीत ही रेषा आधीच छापलेली असते. मुलाने भरायचं काय? 'संगत कोन', 'व्युत्क्रम कोन', 'प्रमाणाचे मूलभूत प्रमेय'. म्हणजे विचार छापणाऱ्याने केला आणि मुलाने त्याला नावं दिली. रेषा का काढली, दुसरी का नाही काढली, हा प्रश्न त्या पानावर कुठेच उभा राहत नाही.

आता औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत जा. गाइड, अपेक्षित प्रश्नसंच, सोडवलेल्या कृती, सगळं मिळतं. क्लासमध्ये सांगतात, 'हे प्रमेय आयएमपी आहे, पाठ करा.' आकृतीतली अक्षरं बदलली की पाठांतर कोसळतं, हे दहावी शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण गुण मिळतात ना? मग कोण थांबणार?

बीजगणितात हाच आजार वेगळ्या रूपात दिसतो. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं.' हे वाक्य न ऐकता मोठं झालेलं मूल महाराष्ट्रात सापडणं कठीण. सहावी-सातवीत तराजू दाखवतात, दोन्ही पारड्यांत सारखंच करायचं असं सांगतात. पण लवकरच तराजू बाजूला पडतो आणि 'पलीकडे ने' सुरू होतं. मग ३क्ष = १२ यावरून मूल क्ष = १२ − ३ = ९ असं लिहितं. आपण म्हणतो, निष्काळजी आहे. तसं नाही हो! त्याने तुमचाच नियम इमानेइतबारे वापरला. नियमाला कारण दिलं नव्हतं, मग तो कुठे थांबवायचा हे त्याला कसं कळणार? अ आणि ब यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे नुसती वर्गांची बेरीज, ही चूकही त्याच जातीची.

आमच्या मते मुळाशी एक गोष्ट आहे. शाळेत अक्षर म्हणजे 'शोधायची संख्या' एवढंच ठसतं. अक्षर म्हणजे 'कोणतीही संख्या', हा अर्थ मागे राहतो. आणि सिद्धतेला लागतो तो नेमका हाच अर्थ. 'सिद्ध करा' हे शब्द मुलांच्या डोक्यात भूमितीच्या पेपरला चिकटून बसलेत. बीजगणितातही काही सिद्ध करता येतं, हे त्यांना सांगावं लागतं.

सातवी-आठवीच्या वर्गात हे करून बघता येईल. दोन अंकी संख्या घ्या, अंकांची अदलाबदल करा, बेरीज करा. ४७ आणि ७४, झाले १२१. २५ आणि ५२, झाले ७७. दोन्हींना ११ ने भाग जातो. नेहमीच जातो का? मुलं दहा उदाहरणं करतील आणि म्हणतील, सर, झालं सिद्ध. इथे थांबवायचं. न चा वर्ग अधिक न अधिक ४१, ही पदावली द्यायची. न ला शून्यापासून ३९ पर्यंत किमती द्या, चाळीसही वेळा मूळ संख्याच मिळते. न = ४० ठेवलं की १६८१ येतात, म्हणजे ४१ गुणिले ४१. चाळीस साक्षीदार एका सुरात बोलले आणि एक्केचाळिसाव्याने केस फिरवली!

मग ४७ कडे परत यायचं. दशकाचा अंक अ, एककाचा ब. संख्या १०अ + ब, उलटी संख्या १०ब + अ. बेरीज ११अ + ११ब, म्हणजे ११ गुणिले (अ + ब). एका ओळीत सगळ्या दोन अंकी संख्या आल्या. आता पोरंच विचारतील, तीन अंकी संख्येचं काय? १२३ आणि ३२१ मिळून ४४४, ११ ने भाग जात नाही. आणि चार अंकी? तिथे पुन्हा जातो, कारण १००१ आणि ११० या दोघांनाही ११ ने भाग जातो. यात चौकट नाही आणि पाठ करण्यासारखं काही नाही. अक्षर कशासाठी असतं, ते मात्र कळतं.

आता आपल्याच परिसरातलं उदाहरण. कन्नडचा घाट उतरला की पलीकडे चाळीसगाव तालुक्यात पाटण आहे. तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. तो काढणारा त्यांचा नातू चांगदेव, देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. देवगिरी म्हणजे आपला दौलताबाद. भास्कराचार्य बीजगणितात एका काटकोन त्रिकोणाच्या बाजू देतात, १५ आणि २०. कर्ण विचारतात, आणि त्याच प्रश्नात रीत बरोबर का, याची उपपत्तीही मागतात.

ती उपपत्ती बघा. कर्णावर चौरस काढायचा. त्याच्या आत तसेच चार त्रिकोण बसवायचे. मधे एक छोटा चौरस उरतो, त्याची बाजू २० − १५ म्हणजे ५. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ १५०, चारांचं ६००, मधला चौरस २५. एकूण ६२५, म्हणून कर्ण २५. संख्यांच्या जागी अ आणि ब ठेवा: २अब अधिक (अ − ब) चा वर्ग, म्हणजेच अ वर्ग अधिक ब वर्ग. झालं पायथागोरसचं प्रमेय. आकृती भूमितीची, हिशेब बीजगणिताचा. आपण मात्र नववीपासून दोन पुस्तकं केली, दोन पेपर केले, आणि मुलांच्या डोक्यातही दोन कप्पे तयार झाले.

हे सगळं इतकं का ताणायचं, असं कोणी विचारेल. इतिहासातली सनावळी मुलाला पुस्तकावर विश्वास ठेवून घ्यावी लागते. गणितात तेरा-चौदा वर्षांचं पोर उभं राहून म्हणू शकतं, 'सर, ही पायरी बरोबर नाही', आणि का नाही ते फळ्यावर दाखवू शकतं. तिथे सरांचा हुद्दा चालत नाही, गाइडची किंमत चालत नाही. ज्याच्या घरी विचारायला कोणी शिकलेलं नाही आणि क्लासची फी परवडत नाही, त्याला ही ताकद सगळ्यात जास्त लागते. चौकटी भरायला लावून आपण नेमकी तीच काढून घेतो.

मग करायचं काय? मंडळाने कृती ठेवाव्यात, पण एखादी चौकट अशी असावी: 'ही रेषा का काढली?' किंवा छापलेल्या सिद्धतेत मुद्दाम एक चुकीची पायरी टाकावी आणि ती शोधायला सांगावी. शिक्षकांना मंडळाची वाट बघायची गरज नाही. प्रत्येक विषयाला २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत, ते शाळेच्या हातात आहेत. त्यात महिन्यातून एक तास 'नेहमीच असं होतं का?' या एका प्रश्नाला द्यावा. आणि पालकांनी, घरी मुलाला किती गुण पडले हे विचारून झाल्यावर, एखाद्या उत्तराबद्दल 'हे कशावरून?' एवढं विचारावं. उत्तर आपल्याला समजलं नाही तरी चालेल, त्याला ते सांगता आलं पाहिजे.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.