भग्न मंदिर आणि प्रवाशाची नजर

परभणीजवळचे पेडगाव हे लहानसे रेल्वेस्थानक. हा मुलूख निजामाचा, पोर्तुगीजांचा नव्हे. त्यामुळे १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतातील भाविकांना चारशे वर्षांपूर्वीचे ख्रिस्तमंदिर पाहावयाचे, तर मनमाडमार्गे वसई गाठावी लागते. वाटेत वाचावयास एखादे मराठी प्रवासवर्णन सोबत असते. या लेखनाविषयीच आम्हांला काही म्हणावयाचे आहे.

या वर्णनांचा साचा ठरलेला आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली; या दोन सनांच्या मध्ये किल्ल्यातील सारी मंदिरे कोंबली जातात. मग भव्य कमानी, भिंतीत शिरलेली झाडांची मुळे आणि शेवटी सूर्यास्त! लेखक हळहळतो, परंतु या वेदीपुढे गुडघे कोणी टेकले, हे विचारीत नाही. त्याच्या लेखी ते 'पोर्तुगीजांचे चर्च' असते आणि त्याला केवळ भूतकाळी क्रियापद लाभते. आमचा आक्षेप आहे तो येथे.

सेंट जोसेफ मंदिराचेच पाहा. १५४६ साली उभे राहिलेले हे मंदिर १६०१ मध्ये, गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत वाढविले गेले. तेथील शिलालेख वाचण्याचे कष्ट घेतले ते डॉ. जर्सन द कुन्हा यांनी. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वैद्यकी करणाऱ्या या विद्वानाने १८७६ साली चौल व वसई यांच्या इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वाकून थडगी वाचणारा असा प्रवासी विरळाच. मात्र थडग्यांवर नावे कोरली जातात ती मातब्बरांची. कोळी, कुपारी, पाथरवट यांची नावे तेथे शोधून सापडणार नाहीत. ती शोधावयाची तर तटाबाहेर, निर्मळ, पापडी, नंदाखाल येथे जावे लागेल. आमचे प्रवासलेखक मात्र तटाच्या दरवाजातूनच परत फिरतात.

किल्ल्यातही सारे मृत नाही. वसईत जन्मलेल्या, भारतीय मातेच्या पोटी आलेल्या संत गोन्सालो गार्सियाने १५९७ साली नागासाकीला क्रूसावर प्राण दिले. त्याच्या सणाला येथे अजूनही मिस्सा होते. एरवी त्याच आवारात छायाचित्रांसाठी नटलेली जोडपी दिसतात. त्यांनाही कोणी काही सांगितलेले नसते.

घंटांची कथा अशीच. नाशिकला गोदाकाठी नारोशंकर मंदिराची घंटा वसईहून आली असे मानतात. मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ हा सन आणि बालयेशूसह मरियामातेची प्रतिमा आहे. कोणी हिला विजयचिन्ह म्हणून मिरवितो, कोणी गमावलेले धन म्हणून उसासतो. तिच्या नादाने पहाटे शेतकरी वा मच्छीमार उठत असेल, हे दोघांनाही सुचत नाही.

१९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आमच्या वाचनातील एकाही प्रवासवर्णनात हा सन आढळला नाही. वसईला निघणाऱ्यांनी म्हणून शनिवारी पोहोचावे. रविवारी तटाबाहेरच्या एखाद्या धर्मग्रामात मराठी मिस्सा ऐकावी आणि किल्ला त्यानंतर पाहावा.