मिथेन-प्रतिबंधक लस : दावे आणि पुरावे यांची चिकित्सा

प्रस्तावना

गाय, म्हैस, मेंढी, शेळी यांसारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या कोटीपोटात चाऱ्याचे किण्वन होताना हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड निर्माण होतात. आर्किया या गटातील मिथेनजनक सूक्ष्मजीव त्यांपासून मिथेन तयार करतात आणि तो मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो. न्यूझीलंडच्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनात शेतीचा वाटा जवळजवळ निम्मा असून त्यात जनावरांच्या मिथेनचे प्रमाण मोठे आहे. गोठ्यातील जनावरांना मिथेन रोखणारे द्रव्य आंबोणातून रोज देता येते. वर्षभर कुरणावर चरणाऱ्या कळपाला ते देणे अवघड ठरते. त्यामुळे न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथील संशोधकांना लसीकरणाचा मार्ग आकर्षक वाटला. प्रस्तुत लेखात या संशोधनातील पुराव्यांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पनेचे स्वरूप

'लस' या शब्दाने रोगप्रतिबंधाची अपेक्षा निर्माण होते. येथे मात्र लक्ष्य असलेले सूक्ष्मजीव रोगकारक नाहीत. ते कोटीपोटाचे कायमचे रहिवासी आहेत. शिवाय ते रक्तात किंवा ऊतींमध्ये नसून पचनमार्गातील द्रवात असतात. टोचलेल्या लशीमुळे रक्तात निर्माण झालेली प्रतिपिंडे तेथे पोहोचण्याची प्रमुख वाट लाळेची आहे. गाय दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळते, हे खरे. परंतु प्रथिनांचे विघटन करणाऱ्या असंख्य सूक्ष्मजीवांच्या सान्निध्यात त्या प्रतिपिंडांना टिकून राहावे लागते आणि तेथील मिथेनजनकांना पुरेशा संख्येने चिकटावेही लागते. सामान्य लशीच्या यशाचे निकष येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, ते यामुळेच.

प्रयोगांची साक्ष

ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या संशोधकांनी २००४ मध्ये मेंढ्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात लस दिलेल्या एका गटात, खाल्लेल्या शुष्क चाऱ्याच्या प्रतिकिलो हिशेबाने, मिथेन ७.७ टक्के घटल्याचे नोंदविले गेले. विशेष म्हणजे ज्या मिथेनजनकांपासून लस बनविली होती, ते त्या मेंढ्यांमधील मिथेनजनक प्रकारांच्या २० टक्क्यांहूनही कमी होते. साहजिकच, व्याप्ती वाढविल्यास परिणामही वाढेल असा तर्क पुढे आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाच मिथेनजनकांची लस वापरण्यात आली व तिने निम्म्याहून अधिक मिथेनजनकांना लक्ष्य केले. प्रतिपिंडे निर्माण झाली, मिथेनजनकांच्या समूहाची रचनाही बदलली. मात्र मिथेन घटला नाही.

या दोन प्रयोगांचा एकत्रित विचार केला असता महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. काही प्रकारांना रोखले तरी शिल्लक हायड्रोजनवर इतर मिथेनजनक वाढू शकतात. म्हणजेच समूह बदलणे आणि उत्सर्जन घटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २००४ मधील घट हे आशादायक सूचन होते. तिला सिद्धता मानणे योग्य ठरत नाही.

नवी दिशा आणि जुनी उणीव

२०१० मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी 'मिथेनोब्रेव्हिबॅक्टर रुमिनँटियम' या सूक्ष्मजीवाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला. त्यामुळे संपूर्ण पेशींऐवजी त्यांच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिने लशीसाठी निवडणे शक्य झाले. २०१५ च्या जागतिक सर्वेक्षणात ३५ देशांतील ७४२ नमुने तपासले असता, मिथेनजनकांपैकी सुमारे ७४ टक्के केवळ दोन गटांतील आढळले. एकच लस अनेक देशांत उपयोगी ठरण्याच्या कल्पनेला यामुळे सबळ आधार मिळतो. त्यानंतरच्या अभ्यासांत जनावरांच्या लाळेत व कोटीपोटात प्रतिपिंडे आढळली, ही प्रगती नाकारता येत नाही. तथापि प्रतिपिंडांची मात्रा हा मधला टप्पा आहे. अंतिम निकष एकच : जिवंत, चरणाऱ्या जनावराने दीर्घ काळ किती मिथेन सोडला.

लाभ कोणाचा?

चाऱ्यातील एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के मिथेनच्या रूपाने वाया जाते. ती वाचल्यास दूध व मांस वाढेल, असे सांगितले जाते. परंतु वाचलेली ऊर्जा उत्पादनात उतरतेच असे नाही. लाळ्या-खुरकूत रोगाच्या लशीने पशुपालकाचे जनावर वाचते. या लशीचा लाभ मात्र प्रामुख्याने वातावरणाला होईल. तेव्हा खर्च कोणी उचलावा? न्यूझीलंडमध्ये २००३ साली संशोधनासाठी पशुधनावर आकारणीचा प्रस्ताव आला आणि शेतकऱ्यांच्या विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला. २०१९ च्या गणनेनुसार १९ कोटींहून अधिक गोवंश व सुमारे ११ कोटी म्हशी असलेल्या भारतातही हा प्रश्न टाळता येणार नाही.

निष्कर्ष

मिथेन-प्रतिबंधक लशीमागील जीवशास्त्रीय तर्क सुसंगत आहे व संशोधन चालू राहणे आवश्यक आहे. मात्र प्रतिपिंडांच्या वाढीला उत्सर्जनातील घट समजणे ही शास्त्रीय दृष्ट्या गफलत होय. प्रत्येक दाव्यासोबत प्रत्यक्ष मोजलेला मिथेन, प्रयोगाचा कालावधी आणि जनावरांची संख्या यांची मागणी झाली पाहिजे. न्यूझीलंडने २०१९ च्या कायद्यात २०५० पर्यंत जैविक मिथेन २४ ते ४७ टक्के घटविण्याचे उद्दिष्ट ठेवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील सरकारने ते १४ ते २४ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय जाहीर केला. उद्दिष्टे अशी बदलत असताना, अद्याप सिद्ध न झालेल्या लशीच्या भरवशावर आजचे उपाय लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.