उत्तर चुकलं, पण नेमकं काय चुकलं?

ब्रिटनमधल्या जीसीएसई गणितात एक नेहमीचा प्रश्न असतो. कागदावर अ आणि ब ही दोन ठिकाणं, अ जवळ उत्तर दिशेची उभी रेषा. 'अ पासून ब चं बेअरिंग कोनमापकाने मोजा.' नियम तीनच: उत्तरेपासून मोजायचं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायचं आणि उत्तर तीन अंकांत लिहायचं, म्हणजे ६५° असेल तर ०६५°.

दिसायला सोपा प्रश्न. पण मोजमापाचं साधन म्हणून पाहिलं तर मला तो अर्धवट वाटतो.

समजा, बरोबर उत्तर ११०° आहे आणि चार मुलांची उत्तरं चुकली. एकाने ०७०° लिहिलं: कोनमापकावरची दुसरी, उलटी जाणारी पट्टी वाचली. दुसऱ्याने २५०°: उत्तरेपासूनच, पण उलट दिशेने मोजलं. तिसऱ्याने २९०°: अ ऐवजी ब वर कोनमापक ठेवला. चौथ्याने ०२०°: शून्य उत्तरेऐवजी पूर्वेला लावलं. पहिल्याला उपकरण वाचता येत नाही, दुसऱ्याला आणि चौथ्याला संकेत माहीत नाही, तिसऱ्याला 'पासून' हा शब्दच कळलेला नाही. नुसतं अंतिम उत्तर तपासलं तर चौघांनाही शून्य!

कुणी म्हणेल, तपासताना साधारण २° इकडेतिकडे चालवून घेतात ना. हो, पण ती सूट हात हलल्याची आहे. समजुतीतली चूक तिच्यात येत नाही.

आता आकड्याची निवड बघा. उत्तर ०९०° असेल तर कोनमापकाच्या दोन्ही पट्ट्यांवर ९०च येतात. म्हणजे चुकीची पट्टी वाचणाऱ्यालाही पूर्ण गुण. उत्तर १३५° असेल तर चुकीची पट्टी वाचली तरी ०४५° आणि शून्य पूर्वेला लावलं तरी ०४५°. दोन वेगळ्या चुका एकाच आकड्यात लपल्या. ११०° ला मात्र चारही चुका वेगवेगळ्या दिसतात. म्हणजे प्रश्न तोच, पण आकडा बदलला की त्यातून मिळणारी माहिती बदलते.

माझ्या मते इलाज फार अवघड नाही. मोजण्याआधी 'ब साधारण कोणत्या दिशेला आहे?' एवढं विचारा. जो 'पूर्वेच्या किंचित दक्षिणेला' म्हणतो आणि तरी ०७०° लिहितो, त्याची समज ठीक आहे, अडचण उपकरणाची आहे.

पीएचडीची तयारी करणाऱ्यांना हे का सांगतोय? कारण उद्या तुम्हीही चाचणी किंवा प्रश्नावली बनवाल आणि गुणांच्या बेरजेला 'संकल्पनेचं आकलन' असं नाव द्याल. साधनाची वैधता म्हणतात ती इथेच तपासली जाते. म्हणून पायलटच्या आधी एक काम करा. प्रत्येक प्रश्नासमोर बरोबर उत्तर लिहिताच, शिवाय संभाव्य चुकीची उत्तरं आणि त्यामागची कारणंही लिहा. दोन कारणं एकाच उत्तरावर येत असतील तर प्रश्न बदला. नाहीतर तक्ते सुंदर होतील, पण मूल कुठे अडलं ते तुम्हालाही सांगता येणार नाही.