नौकेचे नामांतर : एका समजुतीचे परीक्षण

जहाजाचे नाव एकदा ठेविले की ते बदलू नये, बदलल्यास जहाजावर अरिष्ट येते, अशी पाश्चात्त्य खलाशांत एक समजूत आहे. अरिष्टाच्या परिहारार्थ विधीही सांगितला जातो. जुने नाव कोरलेली धातूची पट्टी समुद्रात सोडावी, ज्या ज्या वस्तूवर वा कागदावर ते नाव असेल ती वस्तू जहाजावरून उतरवावी, आणि मग समुद्रदेवास व चारी दिशांच्या वाऱ्यांस मद्य अर्पून नवे नाव उच्चारावे. कारण असे देतात की, पोसायडन ह्या ग्रीक वरुणाजवळ सर्व जहाजांच्या नावांची एक वही असून तीतील जुनी नोंद खोडल्यावाचून नवी होत नाही. ही समजूत अतिप्राचीन आहे, असे ती सांगणारे निःशंकपणे लिहितात. त्या प्राचीनत्वाचाच येथे विचार कर्तव्य आहे.

देवाची वही कोणी पाहिली नाही. अथेन्सच्या आरमाराची मात्र उपलब्ध आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात आरमाराच्या अधिकाऱ्यांनी आपल्या ताब्यातील जहाजांचे हिशेब शिलांवर कोरविले, ते पिराईअस बंदरात सापडले आहेत. त्यांत एकच नाव अनेक जहाजांस दिलेले आढळते, आणि घोटाळा होऊ नये म्हणून बांधणाऱ्या कारागिराचे नाव षष्ठीत जोडलेले असते. म्हणजे अमुक नावाचे, अमक्याने बांधलेले. अशा आरमाराची नोंद केवळ नावावरून ठेवू जाता पोसायडनाचा कारकून पहिल्याच पानावर अडला असता!

ह्या समजुतीचा वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध उच्चार ‘ट्रेझर आयलंड’ ह्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या १८८३ सालच्या कादंबरीत आहे. तीतील लंगडा चाचा सिल्व्हर म्हणतो की, रॉबर्ट्सची माणसे फासावर गेली ती जहाजांची नावे बदलल्यामुळे. उलट ‘कॅसांड्रा’चे नाव कायम राहिले, म्हणून इंग्लंडने हिंदच्या व्हाइसरॉयास पकडल्यानंतर तिने आम्हांस मलबारहून सुखरूप घरी पोचविले. ह्या वाक्यातील इंग्लंड हा देश नव्हे, एडवर्ड इंग्लंड नावाचा चाचा होय. आणि व्हाइसरॉय तो गोव्याचा. तेव्हा प्रकरण आपल्याच किनाऱ्याशी निगडित आहे, आणि त्याची सत्यासत्यता पाहणे आपणांस प्राप्तच आहे.

‘कॅसांड्रा’ हे ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज १७२० साली कोमोरो बेटांपैकी जोहाना येथे चाच्यांनी घेतले. त्याचा कप्तान जेम्स मॅक्रे पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. मॅक्रेस जिवंत सोडल्यामुळे चाचे इंग्लंडवर रुष्ट झाले आणि त्यांनी त्यास मॉरिशस बेटावर उतरवून दिले. गोव्याहून परतणारा व्हाइसरॉय कोंदे द एरिसेरा हा १७२१ साली बूर्बों बेटापाशी सापडला तेव्हा इंग्लंड नायक नव्हताच. ते कृत्य टेलर व लाब्यूज ह्यांचे. ‘कॅसांड्रा’ही त्यानंतर स्वदेशी गेली नाही. टेलरने ती १७२३ साली अमेरिकेतील स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केली व माफी मिळविली. प्राण वाचले ते माफीने.

आणखी एक गोष्ट सिल्व्हर सांगत नाही. जोहाना येथे ‘कॅसांड्रा’वर चालून आलेल्या दोन जहाजांपैकी ‘व्हिक्टरी’ हे मूळचे ‘पीटरबरो’. चाच्यांनी ते धरून त्याचे नाव बदलले होते. नाव न बदललेले जहाज पराभूत झाले आणि नाव बदललेले विजयी! रॉबर्ट्सनेही एकामागून एक धरलेल्या जहाजांस ‘रॉयल फॉर्च्यून’ हेच नाव दिले आणि त्याच नावाखाली लूट केली. १७२२ साली आरमाराच्या तोफेने तो मारला गेला.

ग्रंथकारास मात्र आम्ही दोष देत नाही. हे बोल त्याने एका लबाड चाच्याच्या मुखी घातले आहेत आणि तेथे ते शोभतात. फासाचे कारण स्वतःच्या कर्मात न पाहता नावात पाहणे हे त्या पात्राच्या स्वभावास धरूनच आहे. दोष आहे तो पात्राची उक्ती प्रमाण म्हणून पुढे करणाऱ्यांचा.

आमच्याकडे पाहावे तर भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’त भीमा, भया व गर्भरा ह्या नौका अशुभ म्हटल्या आहेत खऱ्या, परंतु ती नौकांच्या प्रकारांची नावे असून ते प्रकार लांबी, रुंदी व उंची ह्यांच्या मापांवरून ठरतात. नामांतराचे तर आम्हांस भयच नाही. विवाहात वधूचे नाव ताटातील तांदळांत लिहून बदलणारा समाज नौकेच्या नावाने का भ्यावा?

नामांतराने अनर्थ होतो तो संशोधकाचा. जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांच्या देखरेखीखाली मुंबईस सागवानात बांधलेले ‘वेलस्ली’ १८१५ साली पाण्यात उतरले. १८६८ साली त्याचे नाव ‘कॉर्नवॉल’ झाले आणि डेप्टफर्ड येथे बांधलेल्या मूळच्या ‘कॉर्नवॉल’ला ‘वेलस्ली’ म्हणू लागले. पुढे ‘बॉस्कावेन’लाही तेच नाव मिळाले, व ते तिसरे १९१४ साली जळाले. आमच्या एका जुन्या टिपणात ते जळालेले जहाज मुंबईचेच म्हणून आम्ही लिहिले आहे. ते चूक असून आम्ही येथे रद्द करितो. मुंबईचे जहाज ‘कॉर्नवॉल’ ह्या नावाने टेम्स नदीत उभे होते. १९४० साली जर्मन बाँबने ते बुडाले. कोणी ह्यास नामांतराचे फळ म्हणेल, तर ते फळ पिकण्यास बहात्तर वर्षे लागली! मुंबईच्याच ‘गँजेस’चे नाव १९०६, १९१० व १९२२ साली बदलले, तरी तिने शंभरी ओलांडली. भारतीय नौदलाचे ‘विराट’ आधी ‘एलिफंट’, मग ‘हर्मीस’. तिसऱ्या नावाने त्याने १९८७ ते २०१७ सेवा केली.

कंपनीचे ‘रेस्टोरेशन’ हे जहाज १७४९ साली तुळाजी आंग्र्याच्या हाती आले. १७५६ साली विजयदुर्गास ते पेटले आणि त्याबरोबर सारे आरमार जळाले. इंग्रज लेखक त्यास अखेरपर्यंत जुन्याच नावाने ओळखतात. ज्या संग्राहकांपाशी आंग्रे घराण्याचे वा सुभे आरमाराचे कागद असतील, त्यांनी गुराब-गलबतांच्या यादीत नावापुढे ‘ऊर्फ’ अथवा ‘पूर्वीचे नाव’ असा शेरा दिसताच तो तारखेसह उतरून घ्यावा व मंडळाकडे धाडावा.