बंद दारांआडचा साक्षीदार : विल्यम मॅक्ले यांच्या रोजनिशीचे चिकित्सक वाचन

अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेनुसार पहिल्या सिनेटचे कामकाज १७८९ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झाले, ते बंद दारांआड. प्रतिनिधिगृहातील चर्चा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होत. सिनेटच्या अधिकृत इतिवृत्तात मात्र प्रामुख्याने प्रस्ताव आणि त्यांवरील निर्णय नोंदले जात. ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते ती पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर विल्यम मॅक्ले (१७३७-१८०४) यांच्या रोजनिशीमुळे. या रोजनिशीकडे केवळ माहितीचा साठा म्हणून पाहणे जितके अपुरे, तितकेच ती एका चिडखोर माणसाची कुरकुर म्हणून बाजूला सारणेही अपुरे होय, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

मॅक्ले हे भूमापक व वकील. सस्क्वेहाना नदीकाठच्या सनबरी आणि हॅरिसबर्ग या शहरांच्या आखणीत त्यांचा सहभाग होता. धनाढ्य व्यापारी रॉबर्ट मॉरिस यांच्यासमवेत ते सिनेटवर निवडले गेले. चिठ्ठ्या टाकून मुदती ठरविल्या गेल्या, तेव्हा मॅक्ले यांच्या वाट्याला दोनच वर्षे आली. २४ एप्रिल १७८९ पासून ३ मार्च १७९१ पर्यंत त्यांनी नोंदी केल्या. त्यानंतर ते पुन्हा सिनेटवर निवडून आले नाहीत.

रोजनिशीचा प्रारंभीचा मोठा विषय म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या संबोधनाचा वाद. अध्यक्षस्थानी असलेले उपराष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स यांना भारदस्त उपाधी हवी होती. राज्यघटनेने सरदारकीच्या उपाध्या निषिद्ध केल्या आहेत, याकडे मॅक्ले वारंवार लक्ष वेधतात. मे १७८९ मध्ये प्रतिनिधिगृह साध्या संबोधनावर ठाम राहिले आणि सिनेटला माघार घ्यावी लागली. येथे मॅक्ले यांचा उपहास बोचरा आहे. परंतु त्यामागे राजेशाहीचे संस्कार मागच्या दाराने परत येतील, ही खरी भीती आहे.

२२ ऑगस्ट १७८९ ची नोंद अधिक महत्त्वाची. क्रीक व इतर मूलनिवासी जमातींशी करावयाच्या तहांबाबत सल्ला व संमती घेण्यासाठी जॉर्ज वॉशिंग्टन युद्धमंत्री हेन्री नॉक्स यांच्यासह स्वतः सभागृहात आले. संबंधित कागदपत्रे वाचली जावीत, असा आग्रह मॅक्ले यांनी धरला. विषय समितीकडे सोपवावा, असे मॉरिस यांनी सुचविले. वॉशिंग्टन संतापले, हे आपल्याला या रोजनिशीतून कळते. दोन दिवसांनी ते पुन्हा आले व काम उरकले. मात्र अशा सल्ल्यासाठी प्रत्यक्ष येण्याची प्रथा पुढे रूढ झाली नाही. कार्यकारी सत्ता आणि सिनेट यांच्यातील अंतर कसे पडले, हे इतिवृत्ताच्या कोरड्या ओळींतून उमगत नाही.

१७९० मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी राज्यांची युद्धकालीन कर्जे केंद्राने स्वीकारावीत, अशी योजना मांडली. पडत्या भावाने कर्जरोखे विकत घेणाऱ्या सट्टेबाजांचेच त्यात हित आहे, असे मॅक्ले निक्षून लिहितात. परंतु याच टप्प्यावर वाचकाने सावध व्हावयास हवे. राजधानी सस्क्वेहानाकाठी व्हावी, अशी मॅक्ले यांची इच्छा होती. त्या काठी त्यांची जमीन होती आणि हॅरिसबर्गचे संस्थापक जॉन हॅरिस हे त्यांचे सासरे होते. जुलै १७९० च्या कायद्याने राजधानीसाठी पोटोमॅक नदीचा काठ निवडला गेला. इतरांच्या स्वार्थावर कठोर प्रकाश टाकणारी ही लेखणी स्वतःच्या हितसंबंधांना लोकहिताचा पोशाख चढविते. म्हणून मॅक्ले यांनी इतरांना लावलेली कसोटी त्यांनाही लावणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते.

संपादनाचा इतिहासही येथे उद्बोधक आहे. १८८० मध्ये रोजनिशीची काटछाट केलेली आवृत्ती निघाली, १८९० मध्ये एडगर मॅक्ले यांची विस्तृत आवृत्ती आली, तर केनेथ बोलिंग व हेलन वीट यांची चिकित्सक आवृत्ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे राष्ट्रपुरुषांविषयीचे अप्रिय उद्गार वाचकांपर्यंत पूर्णपणे पोहोचावयास जवळजवळ दोन शतके लागली.

सिनेटने दारे उघडण्याचा ठराव १७९४ मध्ये केला. तोवर मॅक्ले यांचे राष्ट्रीय राजकारण संपलेले होते. त्यांची साक्ष पक्षपाती आहे यात संशय नाही. पण हा दोष एकट्या साक्षीदाराचा नव्हे. जे सभागृह आपल्या चर्चांची नोंद ठेवीत नाही, ते आपला इतिहास एखाद्या दुखावलेल्या सदस्याच्या हाती सोपविते. मॅक्ले यांच्या रोजनिशीचे वाचन करताना हे भान सुटू नये, एवढेच येथे नमूद करावयाचे आहे.